ऑपरेशनला चौदा महिने झाले, टाके कधीच भरले, आग मात्र तशीच

कुंपणावरचा
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण आता हे कुठे बोलावं तेच कळत नाहीये म्हणून धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

चौदा महिन्यांपूर्वी माझं उजव्या बाजूचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, जाळी बसवली. सगळं व्यवस्थित, दुसऱ्या दिवशी घरी, दहा दिवसांत टाके कोरडे, सर्जन खूश, मी खूश. तीनेक आठवड्यांनी ऑपरेशनचं दुखणं ओसरलं आणि त्याच्या खालून हे दुसरंच काहीतरी वर आलं. व्रणाच्या जरा खाली, जांघेत, तळहाताएवढी जागा आहे. तिथे बोट दाबलं तर बधिर, आणि तिथेच पँटचं कापड नुसतं घासलं तर आग. म्हणजे दाबलं तर कळत नाही आणि शिवलं तर सोसत नाही. हे कुणाला सांगायला गेलं की समोरचा असा बघतो की मलाच वाटतं आपण काहीतरी बनवून सांगतोय.

गाडीतून उतरताना उजवा पाय बाहेर टाकला की एक सणक मांडीच्या आतून सरळ खाली जाते, दोन सेकंद श्वास अडकतो. रात्री तर विचारूच नका. चादरीचं टोक त्या जागेवर आलं की जाग येते. सध्या मी दोन उश्या बाजूला उभ्या करून चादरीचा तंबू करून झोपतो. बायको म्हणते शेजारी कोणी कॅम्पिंगला आल्यासारखं वाटतं.

सोनोग्राफी केली, एमआरआय केला. सगळं नॉर्मल. जाळी जागेवर, हर्निया परत आलेला नाही. सर्जन म्हणाले वेळ द्या, होईल कमी. दिला वेळ. पेनकिलर खाऊन खाऊन पोट बिघडलं, आगीला ढिम्म फरक नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की माणसाला आनंद होतो, मला पार्किंगमध्ये रडू आलं.

कुणाचं असं झालंय का? गेलं का? नसेल गेलं तर दिवस कसे काढता?

उंबरठा
दादा, अगदी हेच, फक्त गुडघा. सांधा बदलून दीड वर्ष झालं, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक पट्टा बधिर आहे आणि त्याच्या कडेकडेने झोंबतं. सांधा झकास चालतो, जिना चढते उतरते, पण गुडघा टेकवून बसायची सोय नाही. नॉर्मल रिपोर्टचं दुःख समजू शकते. बाकी जाणकार सांगतीलच. मी वाचतेय.

तिरपागडे
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणजे शरीर नॉर्मल आहे. चौदा महिने एकाच जागेकडे लक्ष दिलं तर तिथे काहीतरी वाटणारच. मन दुसरीकडे गुंतवा. माझ्या काकांचंही असंच होतं, कामाला लागले आणि विसरले.

अबोल
तिरपागडे, राग मानत नाही, पण चादर अंगाला लागली म्हणून झोपेतून जाग येते त्या वेळी मन नक्की कुठे गुंतलेलं असतं ते सांगा बरं.

कुंपणावरचा, माझं स्तनाचं ऑपरेशन झालंय, कॅन्सर होता, काखेतल्या गाठीही काढल्या. तिथून जाणारी एक नस दंडाच्या आतल्या बाजूला संवेदना पुरवते, ती अशा ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा दुखावते किंवा कापावी लागते. ऑपरेशनआधी सांगितलं असेलही, पण तेव्हा कानात फक्त कॅन्सर एवढा एकच शब्द वाजत होता. आता दंडाची आतली बाजू लाकडासारखी आणि काखेपाशी कपड्याची शिवण लागली की निखारा ठेवल्यासारखं. कितीतरी महिने मी कुणाला बोललेच नाही. जीव वाचला ना, मग शिवण टोचते म्हणून काय कुरकुर करायची, असं वाटायचं. घरचेही प्रेमाने तेच म्हणायचे, "सुटलीस ना त्यातून".

एक सांगते, मला जो फरक पडला तो औषधाच्या आधी एका वाक्याने पडला. मी दर वेळी डॉक्टरांना "दुखतंय" एवढंच सांगायचे आणि ते दर वेळी तीच दुखण्याची गोळी लिहायचे. एकदा वैतागून म्हटलं की अहो दुखत नाहीये, झोंबतंय, आणि मधूनच करंट बसतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग पहिल्यांदा नीट तपासलं, कापसाचा बोळा फिरवून, टाचणीने टोचून. नसेचं दुखणं हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

भूलथाप
(आयडीवर जाऊ नका, पेशाने भूलतज्ज्ञ आहे आणि सध्या फक्त वेदनेचेच पेशंट बघतो.)

इथे बसून कुणाचं निदान करणार नाही, पण अबोल ताईंनी फार मोलाचं सांगितलंय म्हणून लिहायला बसलो.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या पुढे टिकलेलं किंवा वाढलेलं दुखणं, ज्याचं दुसरं कारण सापडत नाही, याला स्वतंत्र निदान म्हणून नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली (आयसीडी ११) त्यात त्याला स्वतःचा कोड आहे. तेव्हा मनाचे खेळ वगैरे विषय इथेच संपवू. हर्निया, छाती उघडून केलेलं ऑपरेशन, स्तनाचं ऑपरेशन, अवयव काढणं, सांधे बदलणं, या सगळ्यांनंतर हे दिसतं. सर्जनची चूकच असते असंही नाही. जांघेतून तीन बारीक नसा जातात, इलिओइंग्वायनल, इलिओहायपोगॅस्ट्रिक आणि जेनिटोफेमोरल. प्रत्येक माणसात त्यांची वाट थोडी वेगळी. कधी ओढली जाते, कधी टाक्यात सापडते, कधी महिन्यांनंतर व्रणाच्या आत जखडली जाते. कापली गेली तर टोकाला नवीन तंतू वाट शोधत फुटतात आणि वाट मिळाली नाही तर तिथेच गुंतवळ होते, न्यूरोमा. एमआरआयला जाळी दिसते, हर्निया दिसतो. इतकी बारीक नस सहसा दिसत नाही आणि ती वागते कशी हे तर मुळीच दिसत नाही.

आता "बधिर पण आग" याचं कोडं. जखमी नस बाहेरची खबर नीट पोचवत नाही म्हणून बधिर. आणि तीच नस कुणी न विचारता आपणहून सिग्नल सोडत राहते म्हणून आग. घराची बेल आत चिकटून बसावी तसं, दारात कोणी नाही आणि आत ठणाणा. बराच काळ वाजत राहिली की मणक्यातला मज्जारज्जूही आवाज वाढवून ऐकायला लागतो, मग चादरीचा स्पर्शसुद्धा वेदनेच्या खात्यात जमा होतो. याला अॅलोडायनिया म्हणतात. आयब्युप्रोफेन सारख्या गोळ्या सुजेवर काम करतात, इथे सूज हा मुद्दाच उरलेला नाही, म्हणून ढिम्म.

आणि शब्दांचं. मराठीत दुखण्याला इतके शब्द आहेत की आम्हा डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच व्हावं. ठणका वेगळा, कळ वेगळी, सणक वेगळी, चमक, चुरचुर, आग, झोंबणं, मुंग्या, ओढ, सल. पण दवाखान्यात आलं की सगळे "पेन होतंय डॉक्टर". आम्ही डीएन४ नावाची दहा मुद्द्यांची प्रश्नावली वापरतो. सात गोष्टी विचारायच्या: आग होते का, गार पडून दुखतं का, करंट बसतो का, मुंग्या, टाचण्या टोचल्यासारखं, बधिरपणा, खाज. तीन तपासायच्या: स्पर्श कमी कळतो का, टोचणी कमी कळते का, हलकं घासल्यावर दुखतं का. दहापैकी चार किंवा जास्त आले की नसेच्या दुखण्याची शक्यता बरीच. कुंपणावरचा, तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच मला चारच्या वर मिळाले. पेन क्लिनिक शोधा आणि हाच धागा छापून न्या.

कुंपणावरचा
डॉक्टर, मी हे तीनदा वाचलं. गुंतवळ. कुणीतरी पहिल्यांदाच सांगितलं की आत खरंच काहीतरी आहे. आभार कसे मानू. अपॉइंटमेंट घेतलीये, पंधरा दिवसांनी आहे.

निशाचर७
मला अशाच दुखण्यावर फिटच्या गोळ्या दिल्यात आणि झोपताना डिप्रेशनची. मला फिट येत नाहीत. डिप्रेशनही नव्हतं, चिठ्ठी वाचून आलं. कुणी खुलासा करेल का? पंधरा दिवस झाले, चार पावलं टाकली की तरंगल्यासारखं होतं. बंद करू का?

भूलथाप
आपल्या मनाने एकदम बंद करू नका, हे आधी. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन ही औषधं हळूहळू चढवायची आणि हळूहळूच उतरवायची असतात. गॅबापेन्टिनला १९९३ मध्ये अमेरिकेत फिटसाठी मान्यता मिळाली, नसेवरचा उपयोग नंतर पक्का झाला. मेंदूतल्या अतिउत्साही पेशी शांत करणारं औषध उत्साही नसही शांत करतं, साधा हिशोब आहे. अॅमिट्रिप्टिलिन या डिप्रेशनच्या गोळीचंही तेच, दुखण्याला जो डोस देतात तो डिप्रेशनच्या डोसपेक्षा बराच कमी असतो. घेरी, झोप, तोंड कोरडं पडणं, वजन वाढणं, पाय सुजणं, हे सगळं होऊ शकतं, त्यातलं पुष्कळसं दोन-तीन आठवड्यांत उतरतं. नाही उतरलं तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, डोस किंवा औषध बदलता येतं. किडनीचा त्रास असेल, वय जास्त असेल किंवा मॉर्फिन-ट्रॅमाडॉल गटातलं काही चालू असेल तर ते आवर्जून सांगा, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.

आणि खरं सांगायचं तर ही औषधं जादू नाहीत. प्रीगॅबालिन सात-आठ जणांना दिलं तर त्यातल्या एकाला, खोट्या गोळीने जेवढं वाटलं असतं त्याच्यापेक्षा जास्त म्हणजे दुखणं निम्म्यावर येण्याइतका फायदा होतो. अॅमिट्रिप्टिलिनच्या गटात हाच आकडा साडेतीन-चारच्या आसपास. म्हणून पहिली गोळी लागली नाही म्हणजे आपलं नशीब फुटकं असं नसतं. पुरेशा डोसला काही आठवडे बघायचं आणि नाहीच तर पुढची.

निशाचर७
आधी कुणी एवढं सांगितलं असतं तर चिठ्ठी फाडली नसती. (दुसरी काढून आणली.)

हातगुण
मी फिजिओ. औषधांचं डॉक्टरांनी सांगितलंय, मी हाताचं सांगते. त्या जागेला जपून जपून अजिबात शिवू द्यायचं नाही हे सगळेच करतात, मीही केलं असतं, पण त्याने ती जागा अजूनच बिथरते. तिला स्पर्शाची परत ओळख करून द्यावी लागते. सुरुवात त्या जागेवर नाही, कडेला, जिथे स्पर्श चांगला लागतो तिथे. आधी सगळ्यात मऊ कापड, जुना धुऊन धुऊन गुळगुळीत झालेला सुती रुमाल किंवा कापूस. दोन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, बघत बघत फिरवायचा. डोळ्यांनी दिसलं पाहिजे की हा रुमाल आहे, निखारा नाही. मग हळूहळू आत सरकायचं, मग कापड बदलायचं, जरा खरखरीत, मग टॉवेल. त्रास होईल पण थांबल्यावर थोड्या वेळात उतरला पाहिजे. रात्रभर भडकलं तर आपण घाई केली, एक पायरी मागे. जखम पूर्ण भरलेली असेल तरच हं हे सगळं.

दुसरं, चांगल्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि मग तीन दिवस आडवं पडायचं, हे बंद. वीस मिनिटं चालल्यावर भडकत असेल तर बाराव्या मिनिटाला थांबा, बरं वाटत असलं तरी. हे पेशंटला पटवण्यात माझी अर्धी नोकरी जाते.

कुंपणावरचा, गाडीतून एकेक पाय काढू नका. सीटवरच अख्खे वळा, दोन्ही पाय एकदम बाहेर, मग उठा.

पडद्यामागची
पेशंट मी नाही, नवरा. फुप्फुसाचं ऑपरेशन, फासळ्यांमधून. फासळीखालची नस. शिंकायचीसुद्धा चोरी. घरच्यांच्या बाजूने लिहिते, कारण ते कुणी लिहीत नाही. मी रोज सकाळी विचारायचे "आज कसं आहे?" आणि तो रोज "तसंच" म्हणायचा आणि मला वाटायचं हा मला आत येऊ देत नाहीये आणि त्याला वाटायचं ही हजेरी घेतेय. एक दिवस दोघांचा स्फोट झाला. आता आमच्याकडे बोटं आहेत. तो चहाच्या वेळी बोटं दाखवतो, दोन म्हणजे बरा, चार म्हणजे आज माझ्याकडून काही अपेक्षा करू नकोस. मी बघते आणि विषय संपतो, मग आम्ही पेपर वाचतो. मिठी कुठल्या बाजूने मारायची तेही ठरलंय, डावीकडून.

तिरपागडे
सगळं वाचलं. काकांना परवा फोन केला. म्हणाले विसरलो वगैरे काही नाही, सांगणं बंद केलं. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो.

अबोल
+१ तिरपागडे. काकांना हा धागा पाठवा.

मीच_तो
अवांतर होईल पण मिरचीचा पॅच म्हणून काही असतं म्हणे? थट्टा आहे का?

भूलथाप
थट्टा नाही. मिरची ज्याने तिखट लागते ते कॅप्सायसिन, ८ टक्के तीव्रतेचं, दवाखान्यातच लावतात, घरी नाही. नसेच्या टोकावर उष्णता ओळखणारा एक रिसेप्टर असतो, त्याला एवढं कामाला लावायचं की ती टोकं काही आठवडे-महिने गप्प बसतात. हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं, त्यांनी तो कॅप्सायसिन वापरूनच शोधला. लावताना चांगलंच झोंबतं. कृपया घरी मिरची वाटून प्रयोग करू नका, असा एक पेशंट येऊन गेलाय. त्यापेक्षा सौम्य म्हणजे लिडोकेनचा पॅच, तो बधिर करणारा, चोवीस तासांत जास्तीत जास्त बारा तास ठेवायचा, अखंड त्वचेवरच.

विषय निघालाच आहे तर, कुठल्या गोष्टीसाठी वाट बघायची नाही तेही लिहून ठेवतो: पायातली ताकद नव्याने कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, ताप, व्रण लाल होऊन पू येणं. या वेळी धागा उघडायचा नाही, दवाखाना गाठायचा. हात किंवा पाय सुजून त्याचा रंग, तापमान, घाम बदलायला लागला तर तेही लवकर दाखवा.

कुंपणावरचा
अपडेट देतो, पाच आठवडे झाले.

पेन क्लिनिकमध्ये मी कागदावर शब्द लिहून नेले होते. आग, सणक, बधिर, शिवण सोसत नाही, गार पाण्याने वाढतं. डॉक्टर बाईंनी कागद घेतला आणि फाईलला लावून टाकला. मग कापूस, टाचणी, आणि एका ठिकाणी बोटाने टकटक केलं तर सणक थेट मांडीत. त्या म्हणाल्या हा बघा, इथे आहे.

मागच्या आठवड्यात नसेचा ब्लॉक केला, म्हणजे नसेपाशी भुलीचं औषध सोडून ती तात्पुरती बधिर केली. सोनोग्राफी लावून सुई घातली, स्क्रीन मला दिसत होता पण मी छताकडे बघत होतो. वीसेक मिनिटांनी त्यांनी विचारलं आता? आणि मी हात लावून बघितलं तर काहीच नाही. शांत. चौदा महिन्यांत, आता पंधरा, पहिल्यांदा. काही सेकंद मला कळेना की काय हरवलंय. घरी आलो आणि वाकून बूट काढले, परत घातले, परत काढले. बायको दारात उभी राहून बघत होती. मग पालथा झोपलो, साध्या चादरीत.

सहा तास टिकलं. संध्याकाळी परत आग, पण त्यांनी आधीच सांगितलं होतं की हा ब्लॉक म्हणजे मुख्यतः तपासणी, नस हीच आहे हे ठरवायला, भुलीचं औषध उतरलं की परत येणार, सोबतच्या स्टेरॉइडने काही दिवसांनी थोडं कमी झालं तर बोनस. तिसऱ्या दिवसापासून जरा कमी आहे. दहापैकी आठ होतं ते सहा म्हणा. झोपताना अॅमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅमने सुरू केलं, आता २५. सकाळी तोंड वाळवंट. पुढे ब्लॉक परत एकदा, मग गरज पडली तर रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे सुईतून रेडिओलहरी सोडून नस शांत करायची. नस कापायच्या ऑपरेशनचं मी विचारलं, त्या म्हणाल्या तो रस्ता आहे, पण तो सगळ्यात शेवटी, तिथून परत येता येत नाही.

रुमाल चालू आहे. टॉवेलवर गेलो होतो, दोन रात्री जागवल्या, परत रुमालावर.

निशाचर७
वाळवंटाला पाण्याची बाटली उशाशी. गोळी झोपायच्या वेळी न घेता दीड-दोन तास आधी घेऊ का असं डॉक्टरांना विचारा, माझी सकाळ त्याने सुधारली. घेरी गेली हो, तिसऱ्या आठवड्यात. दुखणं आहेच, पण चारला उठायचो तो आता सहाला उठतो.

पडद्यामागची
बूट काढले, परत घातले, परत काढले. हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, दोन बोटं दाखवली.

हातगुण
रुमालावर परत आलात ते बरोबर केलंत. आठवडाभर तिथेच राहा. गाडीचं काय?

कुंपणावरचा
गाडीचं जमतंय. दहातल्या सात वेळा आठवतं, तीन वेळा सवयीने एक पाय बाहेर जातो आणि मग आठवतं.

उंबरठा
दोन्ही पाय एकदम बाहेर, मग उठायचं, हे मी पण आज करून बघितलं. गुडघ्यालाही चालतं.